पहिली तीन गाणी: गावच्या संगीत संमेलनात लाईव्हवरून झालेला घोळ

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक गाव. नाव देत नाही, कारण गाव कळलं की मंडळ कळणार, मंडळ कळलं की गायिका कळणार आणि त्यांनी आमच्याकडे एवढंच मागितलं होतं की माझं नाव कुठे नको. म्हणून काही बारीकसारीक तपशील बदललेत, पण काय काय आणि कुठल्या क्रमाने झालं ते तसंच ठेवलंय. मी तेव्हा मंडळात मीडियाचं बघायचो, म्हणजे खरं सांगायचं तर पास वाटायचे आणि पत्रकारांना चहा-भजी मिळाली की नाही बघायचं, आणि सगळा गोंधळ माझ्याच टेबलावरून सुरू झाला म्हणून मीच लिहितोय.

देवळासमोरच्या पटांगणात दरवर्षी थंडीत दोन संध्याकाळी शास्त्रीय संगीताचं संमेलन होतं. प्रवेश फुकट, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, साडेतीनशे-चारशे माणूस. फोंड्याकडच्या श्रोत्यांबद्दल वेगळं काय सांगायचं, गायिका केसरबाई केरकर इथल्या केरीच्या, गायक-संगीतकार अभिषेकीबुवा मंगेशीचे, त्यामुळे नारळ सोलणारा माणूस पण उठताना "आज मध्यम जरा चढा लागत होता" असं म्हणून जातो. मीडिया म्हणाल तर दोन मराठी पेपरांचे वार्ताहर, एक-दोन फोटोग्राफर, आणि गेल्या काही वर्षांत मोबाईलवर चालणारी वेब चॅनलं.

पूर्वी नियम वगैरे काही नव्हते. आदल्या वर्षी एका फोटोग्राफरने ऐन आलापात चारदा फ्लॅश मारला, बुवांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, सगळा मंडप त्याच्याकडे बघायला लागला, आणि मग मीटिंगमध्ये ठरलं की मीडियासाठी लेखी नियम पाहिजेत. सेक्रेटरींच्या भाच्याने नेटवरून एका मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलचे नियम काढले, त्यातले चार उचलून मराठीत केले, पासच्या मागे छापले. फ्लॅश नाही. पास गळ्यात घालावा. स्टेजवर चढू नये. आणि चौथा: फोटो व व्हिडिओ शूटिंग फक्त पहिली तीन गाणी.

मीटिंगमध्ये हा कागद हातोहात फिरला, सगळ्यांनी वाचला, सगळ्यांनी मान डोलावली. मी पण. ख्यालगायनात, म्हणजे एकच राग सावकाश फुलवत नेणाऱ्या शास्त्रीय गाण्यात, "पहिली तीन गाणी" म्हणजे नक्की काय हे चाळीस-चाळीस वर्षं गाणं ऐकणाऱ्या आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

हा नियम मुळात रॉक-पॉपच्या कॉन्सर्टमधला आहे. तिथे एक गाणं चार-पाच मिनिटांचं, तीन गाणी म्हणजे फार तर पाव तास, तेवढ्यात फोटोग्राफरनी स्टेजपुढच्या कठड्यातून फोटो काढायचे आणि निघायचं, मग पुढचा सगळा शो कलाकार आणि पब्लिक यांचा. तिथे तो अगदी बरोबर आहे. आमच्याकडे मात्र एक राग पाऊण तास, कधी तास, मग दुसरा राग, मग एखादं नाट्यपद नाहीतर अभंग. तीन गाणी झाली की कार्यक्रमच संपला.

आणखी एक गोष्ट तेव्हा कोणाला दिसली नाही. या विषयावर मंडळाचे तीन कागद होते आणि तिन्हींत वेगळं लिहिलेलं. खजिनदारांनी प्रायोजकाला जे पत्र दिलं त्यात "कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण होईल व त्यात आपल्या दुकानाचे नाव सतत दिसेल" असं होतं. सेक्रेटरींनी गायिकाबाईंना व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, त्यांनी विचारलं "रेकॉर्डिंग होणार का", यांनी लिहिलं "हो ताई, फक्त मंडळाच्या संग्रहासाठी", त्यांनी लिहिलं "ठीक". आणि तिसरा कागद माझा, तो पासच्या मागचा. तीन माणसांनी तीन ठिकाणी तीन शब्द दिले आणि एकमेकांना काही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं हे आपलंच खातं.

अडचण कुठे सुरू झाली

पहिल्या दिवशी पाच वाजता चॅनलवाला पोरगा आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, एक कॅमेरा, ट्रायपॉड, लॅपटॉप, डोंगल. वागायला एकदम चांगला, आल्या आल्या पाया पडला. खजिनदारांनीच त्याला सांगून ठेवलं होतं की लाईव्ह कर आणि कोपऱ्यात प्रायोजकाचा लोगो ठेव. मी पास दिला, सही घेतली, जागा दाखवली. लाईव्ह करणार का, किती करणार, काही विचारलं नाही. माझ्या लेखी पास असलेला माणूस म्हणजे परवानगी असलेला माणूस.

तो साऊंडवाल्याकडे गेला आणि मिक्सरमधून (सगळे माईक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रातून) एक लाईन मागितली. साऊंडवाल्याने दिली. इथे जरा तांत्रिक बोलायला लागेल कारण खरी ठिणगी इथेच पडली. मिक्सरमधून बाहेर जाणारी लाईन दोन प्रकारे काढता येते, फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या) आधीची आणि फेडरच्या नंतरची. नंतरची असली तर साऊंडवाल्याने माईकचा आवाज खाली केला की बाहेर जाणारा आवाजही खाली जातो. आधीची असली तर मंडपात माईक बंद वाटला तरी त्या लाईनवर तो चालूच राहतो. त्या दिवशी स्टेजवरच्या मॉनिटरसाठी (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरसाठी) आधीचीच लाईन लावलेली होती, साऊंडवाल्याने तीच पोराला जोडून दिली. पोराला फरक माहीत नव्हता आणि साऊंडवाल्याला ते इंटरनेटवर जाणार हे माहीत नव्हतं, त्याला वाटलं रेकॉर्डिंगच आहे.

सव्वासातला बाई बसल्या. गाण्याआधी तंबोरे जुळवताना साऊंडवाल्याने रीतसर त्यांचा माईक खाली घेतला. मागे तंबोऱ्यावर त्यांची शिष्या बसलेली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच मोठ्या मैफलीत साथीला. पंचमाची तार उतरली होती. बाई मान वळवून जरा कडक बोलल्या, "लक्ष कुठे आहे तुझं, घरी काय शिकवलंय." मंडपात एक अक्षर ऐकू आलं नाही. लाईव्हवर मात्र सगळं स्वच्छ गेलं, वर पुढे विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालात तबलजींना हळूच सांगितलेलं "लय जरा मागे ठेवा", दोन वेळचं खाकरणं, पाणी पिताना काढलेला उसासा, सगळंच.

मी त्या वेळी डाव्या बाजूला उभा होतो. पोराच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात आकडा दिसत होता, ३१२ जण बघतायत, आणि मला चक्क अभिमान वाटला. आपलं गाव, आपलं संमेलन, बाहेर गेलेली आपली माणसं पुण्या-मुंबईत बसून बघतायत. मी भाईंना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना, खूण करून आकडा दाखवला पण.

पहिला राग संपेपर्यंत साडेआठला दहा कमी. मध्यंतर. मुलीने मोबाईल चालू केला आणि आईचा मेसेज आला होता: "ताई रागावल्या ना गं? असू दे, मन लावून वाजव."

पाच मिनिटांत भाईंना अग्रशाळेतल्या खोलीत बोलावणं आलं. (बाहेरच्यांसाठी सांगतो, देवळाच्या आवारात उतरायला ज्या खोल्या असतात त्यांना आमच्याकडे अग्रशाळा म्हणतात, कलाकारांची सोय तिथेच असते.) मी मागोमाग गेलो. बाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. शाल नीट घडी घालून मांडीवर ठेवलेली. म्हणाल्या, "मंडपात चारशे माणसं आहेत, त्यांच्यासमोर मी चुकले तरी मला चालतं, ती माझ्याबरोबर बसलीयत. हे कोण बघतंय मला माहीत नाही. आणि या पोरीला मी जे बोलले ते तिच्या-माझ्यातलं होतं. ते बंद होईपर्यंत मी परत बसणार नाही."

समोर काय काय करता येत होतं

घड्याळात ८:३५. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला नियम, आणि गोव्यात त्यावर पोलिसांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं. मध्यरात्रीपर्यंतची सूट असते, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं, आपल्या मनाने चालत नाही. म्हणजे वाद घालायला वेळच नव्हता, जेवढी मिनिटं बोलण्यात जातील तेवढी गाण्यातून कापली जाणार.

खोलीबाहेरच्या पडवीत आम्ही पाच जण उभे. खजिनदारांचं म्हणणं, प्रायोजकाला लेखी दिलंय, बाईंनाच विनंती करा, फक्त आजचा दिवस. सेक्रेटरींचं म्हणणं, पोराला आवाराबाहेर काढा. एक जुने सभासद म्हणाले की देवस्थानचा फुकट कार्यक्रम आहे, कॉपीराइट कायद्यात अशा कार्यक्रमांना सूट आहे. सूट आहे हे खरं, पण ती हौशी मंडळींनी फुकट नाहीतर देवस्थानासाठी केलेल्या सादरीकरणाला, म्हणजे समोर बसून ऐकवण्याला. बिदागी घेऊन आलेल्या कलाकाराचं गाणं इंटरनेटवर सोडायला ती लागू होत नाही. हे मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं, नंतर नीट वाचलं, पण पडवीत उभा असताना पण एवढं कळत होतं की या मुद्द्यावर जिंकलो तरी बाई काही बाहेर येऊन बसणार नाहीत.

मी म्हटलं आधी आवाज तोडू, चित्र राहू दे, मग बोलू. ते सगळ्यांना पटलं कारण त्यात कोणाशी भांडायला लागत नव्हतं. मला ती त्या वेळी मोठी युक्ती वाटली होती.

काय केलं

साऊंडवाल्याला खूण केली, त्याने वायर खेचली. पोराला कोणी काही सांगितलं नाही. मध्यंतरात त्याने रिकाम्या स्टेजवर कॅमेरा लावून लाईव्ह चालूच ठेवलं होतं, मंडपातल्या गप्पांचा आवाज जात होता, तो एकदम गप्प झाला. खाली कमेंट सुरू, आवाज नाही, साऊंड गेला, अहो चेक करा. पोरगा धावत मिक्सरकडे, साऊंडवाला म्हणतो "हांव कितें करूं, तुमच्याच लोकांनी सांगलां", पोरगा माझ्याकडे, चारशे माणसं बघतायत, आणि मी सतरंज्यांच्या मधोमध उभा राहून त्याला हळू आवाजात समजावतोय. पाच-सहा मिनिटं तिथेच गेली.

आणि मग त्याने पास उलटा केला आणि नियम वाचून दाखवला. "पहिली तीन गाणी. अजून एकच झालंय."

काय बोलणार? नियम आमचा, छापला आम्ही, सही मी घेतलेली. पोरगा अक्षरशः नियमात होता. भाई मागून आले होते, त्यांनी पास हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि हसायला लागले, अशा वेळी हसणं बरं दिसत नाही पण त्यांना आवरेना. त्या हसण्याने मात्र काम झालं, पोरगा पण जरा सैल पडला.

भाईंनी त्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की बाबा रे, जे आमचं नव्हतं ते आम्ही तुला देऊन बसलो. पटांगणात कोणाला उभं करायचं हे आमच्या हातात, त्यांचं गाणं बाहेर सोडायचं की नाही हे त्यांच्या हातात. पोरगा म्हणाला बंदिश (रागात बांधलेली रचना) शंभर-दीडशे वर्षं जुनी, तिच्यावर कोणाचा हक्क? प्रश्न चांगला होता. उत्तर असं की बंदिश सगळ्यांची, पण आज संध्याकाळी ती ज्या गळ्यातून आली ते सादरीकरण त्या गळ्याचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ मध्ये हा कलाकाराचा वेगळा हक्क सांगितलाय, २०१२च्या दुरुस्तीने तो आणखी स्पष्ट झाला, रेकॉर्ड करणं, प्रक्षेपित करणं, लोकांपर्यंत पोचवणं याला कलाकाराची संमती लागते, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. नाट्यपद असलं तर त्याच्यावर आणखी एक थर चढतो, चाल देणाऱ्याचा. अभिषेकीबुवा १९९८ला गेले, संगीतकाराचा हक्क निधनानंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांनी चाल दिलेल्या पदांवर २०५८ संपेपर्यंत कोणाचा ना कोणाचा हक्क आहेच. हे आकडे अर्थात भाईंनी तिथे सांगितले नाहीत, त्यांनी फक्त "गळा त्यांचा आहे" एवढंच म्हटलं आणि ते पुरलं.

पोराने लाईव्ह बंद केलं. बंद करताना स्क्रीनवर टाकलं, "कलाकारांच्या विनंतीनुसार प्रक्षेपण थांबवत आहोत". मी म्हटलं, विनंती कलाकारांची कशाला लिहितोस, चूक आमची. त्याने बदलून "मंडळाच्या सूचनेनुसार" केलं. छोटी गोष्ट वाटेल, पण तशीच राहिली असती तर दुसऱ्या दिवशी सगळा दोष बाईंच्या माथी बसला असता, काय ते नखरे, काय तो गर्व, हे आम्ही ओळखून आहोत.

मग भाई परत अग्रशाळेत. बातमीसाठी दोन-तीन मिनिटांचा तुकडा चालेल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या चालेल, शेवटचा अभंग घ्या, पण मिक्सरची वायर नको, कॅमेऱ्याला ऐकू येईल तेवढंच. तेवढ्यात तबलजी, जे इतका वेळ खिडकीत बसून चहा पीत होते, म्हणाले, "आणि आम्हाला कोण विचारणार?" सगळे गप्प. ते बरोबर होते. कायद्याच्या दृष्टीने तबला वाजवणारा, पेटी वाजवणारा, तंबोऱ्यावर बसलेली ती मुलगी, सगळे सादरकर्तेच. इतक्या वर्षांत आम्ही साथीदारांना मानधन आणि गाडीचं सोडून काही विचारलेलं नव्हतं. भाईंनी एकेकाला विचारलं. मुलगी सगळ्यात शेवटी हो म्हणाली.

९:०८ला बाई परत बसल्या. छोटा ख्याल, अभंग, भैरवी. दुसरा मोठा राग गेला. भैरवी ९:५६ला संपली.

निकाल

बाई गायल्या, प्रसंग टळला, पण सगळं निस्तरलं असं काही झालं नाही.

पहिल्या तासाचा व्हिडिओ पोराने त्याच रात्री काढला. काढताना जीवावर आलं त्याच्या, हे दिसत होतं, कारण त्याच्या चॅनलला एवढे बघणारे कधी मिळालेले नव्हते. भाईंनी मध्यस्थी करून दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची मुलाखत मिळवून दिली, अग्रशाळेच्या पडवीत, वीस मिनिटं, गुरूकडच्या तालमीबद्दल त्या भरभरून बोलल्या. मुलाखतीत मधेच देवळाची घंटा वाजते आणि बाई हात जोडून थांबतात, ते त्याने कापलं नाही, बरं केलं. मला विचाराल तर तासभराच्या त्या लाईव्हपेक्षा हे काम कितीतरी सरस होतं.

पण तोवर कोणीतरी लाईव्हमधला अकरा मिनिटांचा तुकडा उतरवून दुसऱ्या पानावर चढवला होता, नेमका तंबोरे जुळवण्यापासूनचा. मंडळाने त्या वेबसाईटला तक्रार करायला घेतली तेव्हा कळलं की तक्रार ज्याचा हक्क त्याने करायला लागते, आमच्या लेटरहेडला तिथे किंमत नाही. शेवटी बाईंच्या मुलाने लेखी तक्रार केली. अशी तक्रार मिळाली की वेबसाईटने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नाही आला तर ती परत चालू करू शकते, अशी तरतूद आहे. तो व्हिडिओ गेला आणि परत आला नाही. व्हॉट्सॲपवर काही लोकांच्या फोनमध्ये अजून असेल, त्याला काय करणार.

प्रायोजकाने राहिलेल्या पैशातले निम्मेच दिले. पत्रात लेखी होतं, तो चुकीचा नव्हता. खजिनदार आणि सेक्रेटरी दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी या सगळ्याच्या वर आणखी एक, संध्याकाळी सहा वाजता देवळाच्या तळीच्या (तलावाच्या) वर एकाचा छोटा ड्रोन घुं घुं करत आला. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, २०२१च्या ड्रोन नियमांत तसं आहे, आणि त्याने ते ऐकवलं पण. त्याला एवढंच म्हटलं की सर्टिफिकेट राहू दे, आत तंबोरा लागलाय आणि तुझा ड्रोन वेगळ्याच पट्टीत आहे. उतरवला त्याने. आदल्या रात्रीनंतर आमची सांगण्याची पद्धत सुधारली होती बहुतेक.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, पोराशी बोलण्याआधी वायर ओढायची नव्हती. तो निर्णय माझा होता. मला वाटलं आवाज तोडला की भांडण टळेल, प्रत्यक्षात भांडण सतरंजीवर आलं. दोन मिनिटं जाऊन सांगितलं असतं तर त्याने स्वतःच बंद केलं असतं असं तो नंतर म्हणाला, आणि मला ते पटतं.

दुसरं, तास-दीड तास लाईव्ह चालू असताना मंडळातल्या एकानेही ते मोबाईलवर उघडून, कानात घालून ऐकलं नाही. मी आकडा बघितला, आवाज नाही ऐकला. एक जण जरी ऐकत असता तरी पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं की बाईंचं खाजगी बोलणं जातंय.

नियमांबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत. सेक्रेटरी म्हणतात कॅमेराच नको, पेपरवाल्यांना आम्ही फोटो पाठवू. मला ते पटत नाही. बातमी देणाऱ्याला थोडा भाग दाखवता येतो, कायद्यानेच ती मोकळीक दिलीय, चालू घडामोडींच्या वार्तांकनात सादरीकरणाचे उतारे वापरायला हरकत नाही. किती सेकंद, किती मिनिटं हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, ते "तीस सेकंद चालतात" वगैरे लोकांनी उठवलेलं आहे. आम्ही तीन मिनिटं ठेवली ती आमच्या सोयीने. आणि दुसरं असं की केसरबाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत केवढ्या काटेकोर होत्या ते आपण ऐकून आहोत, तरी त्यांचं जे थोडंफार ध्वनिमुद्रित झालं त्यातली एक भैरवी १९७७ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. रेकॉर्डिंगच नको म्हटलं तर पुढच्या पिढीला काय ऐकवणार? पण त्या भैरवीच्या वेळी केसरबाई माईकसमोर स्वतःच्या मर्जीने बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी "पहिली तीन गाणी" गेलं. आता असं आहे: आलाप आणि विलंबित चालू असताना कॅमेरा खाली, द्रुत (जलद लयीचा भाग) सुरू झालं की फोटो काढा, ते पण कडेच्या वाटेवरून आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद करून. व्हिडिओ तीन मिनिटं, कुठली तीन ते कलाकार सांगतील. मिक्सरची लाईन कोणालाही नाही. मंडपाच्या दारात पाटी, इथे शूटिंग चालू आहे, ज्यांना कॅमेऱ्यात यायचं नाही त्यांनी उजवीकडे बसावं. उजवीकडची जागा सगळ्यात आधी भरते, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. प्रायोजकाच्या पत्रात लाईव्हचा शब्द कलाकाराची सही आल्याशिवाय लिहायचा नाही, आणि तिन्ही कागद एकाच माणसाने वाचून मग बाहेर पाठवायचे. तो माणूस सध्या मी.

कलाकारांना फॉर्म जातो, साथीदारांसकट प्रत्येकाला वेगळा. तीन ओळी: बातमीसाठी तुकडा, मंडळाच्या संग्रहासाठी रेकॉर्डिंग, इंटरनेटवर प्रक्षेपण. हो किंवा नाही, खाली सही. पहिल्याच वर्षी आलेल्या एका बुवांनी तिन्हींना हो केलं आणि समासात पेनने लिहिलं, "तंबोरे जुळेपर्यंत माईक नको." साऊंडवाल्याने ते वाचलं, काही बोलला नाही, मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिलं: जुळवणी – सगळें बंद.